पाच लेकरांची नावं

किन्हीराजाजवळच्या तांड्यावर रुखमाबाई बारा वर्षांपासून आशाताई होती. कोणत्या घरात कोण पोटुशी आहे, कोणत्या लेकराची कोणती लस राहिली, हे सगळं तिच्या वहीत असायचं. अक्षर वाकडंतिकडं, पण एकही नाव सुटलेलं नसायचं.

तिची पुतणी निता बी.एस्सी. करून मालेगावला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती. क्लासमध्ये शिकण्यासाठी प्रत्येकानं नोंदींचं एक साधं वेब अ‍ॅप बनवायचं होतं. नाव भरा, बघा, दुरुस्त करा, काढून टाका, एवढंच. कुणी दुकानातल्या मालाचं केलं, कुणी शाळेच्या हजेरीचं. नितानं काकीची वही उचलली.

"माया वहीत काय कमी हाय?" रुखमाबाईनं विचारलं.

"कमी काही नाई, काकी. पण महिना निवडला का कोणाची लस हाय ते आपोआप दिसते. पानं चाळाची गरज नाई."

काकी मोबाइलवर दोन-चारदा बोट फिरवून हसली आणि पुतणीच्या कौतुकानं कबूल झाली. नितानं दोन दिवसांत सगळी लेकरं भरली. प्रत्येक नोंदीची ओळख म्हणून तिनं लेकराच्या आईचा मोबाइल नंबर धरला होता. क्लासच्या सरांनी ते पाहून विचारलंही, "एका नंबरावर दोन बाया निघाल्या तर?"

"करते सर नंतर," निता म्हणाली. दुसऱ्या दिवशी दाखवायची तारीख होती. अ‍ॅप सगळ्यांना आवडलं, टाळ्या पडल्या, आणि ते 'नंतर' तसंच राहून गेलं.

सोयाबीनची सोंगणी चालू असताना लसीकरणाचा दिवस आला. रुखमाबाईनं पहिल्यांदाच वही घरी ठेवली आणि मोबाइलमधली यादी पाहून घरोघरी निरोप दिले. तांड्यावरच्याच हेमलाच्या घरी ती गेली ती हेमलाच्या जावेच्या लेकरासाठी. हेमला वावरात होती. तिची गंगू दहा महिन्यांची होती, गोवराची लस राहिलेली. पण गंगूचं नाव यादीत नव्हतं. दिवाळी झाली आणि हेमला नवऱ्यासोबत ऊसतोडीला निघून गेली.

पौषात ती परत आली, तेव्हा पोरगी ओळखू येत नव्हती. फडावर गोवर निघाला होता, मग छातीत कफ भरला. वाशीमच्या दवाखान्यात नऊ दिवस काढून पोरगी वाचली, पण अंगावर नुसती कातडी उरली होती.

चौकशीला आरोग्य केंद्रातल्या मॅडम आल्या. निता पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती.

"या मुलीला लस का नाही मिळाली?" मॅडमनी विचारलं.

"मायीच चूक झाली, मॅडम," रुखमाबाई मान खाली घालून म्हणाली. "इसरली मी."

मॅडम गेल्यावर नितानं लॅपटॉप उघडला. हेमला आणि जाऊ, दोघींत फोन एकच. जावेच्या लेकराची नोंद नंतर भरली, तेव्हा त्याच नंबरावरची गंगूची नोंद पुसली गेली होती. वहीत लेकरं त्रेपन्न, अ‍ॅपमध्ये अठ्ठेचाळीस. एकदा मोजलं असतं तरी कळलं असतं.

तिनं लॅपटॉप मिटला आणि कुणालाही काही सांगितलं नाही. उद्या सांगू म्हणत अकरा दिवस गेले. त्या दिवसांत काकीचा स्वतःवरचा भरवसा उडत चालला. भाजीत मीठ घातलं की नाही, हे ती दोनदा विचारायची. आधी तिला सगळ्या तांड्याच्या तारखा तोंडपाठ होत्या, आता ती पदराला गाठ मारून ठेवू लागली. एका दुपारी ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "आता हे काम सोडून देतो मी. डोकं साथ देऊन नाई राह्यलं. कोणाचं लेकरू जाईन मायापायी."

निता तिच्यासमोर येऊन बसली. "काकी, तू काही इसरली नाई," ती म्हणाली. "मी पुसलं तिचं नाव." मग तिनं सगळं सांगितलं. सर काय म्हणाले होते, तेही.

रुखमाबाईचे हात सुपात थांबले. ती रागावली असती तर निताला बरं वाटलं असतं. सूप खाली ठेवून काकी म्हणाली, "मले काहून सांगून राह्यली? हेमलाले सांग."

हेमला अंगणात गंगूला पेज भरवत होती. नितानं उभ्या उभ्याच सांगितलं. हेमलानं शेवटपर्यंत ऐकलं, पोरीचं तोंड पुसलं आणि मग वर पाहिलं.

"माई पोट्टी वाचली म्हणून आली तू. नसती वाचली तं आली असती का?"

 'हो' असं खोटं बोलायची निताची हिंमत झाली नाही. ती तशीच परत फिरली.

दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमना फोन करून चूक आपली असल्याचं सांगितलं. मग वही घेऊन ती काकीसोबत उरलेल्या चार घरी गेली. तिघांना घरच्यांनी आपणहून लस देऊन आणली होती. चौथ्याची त्याच आठवड्यात झाली. अ‍ॅपमध्ये तिनं आता प्रत्येक लेकराला वेगळा क्रमांक दिला, पण काकीला ते वापरायला पुन्हा सांगितलं नाही. काकीनं काम सोडलं नाही. वही तिच्या पिशवीत परत आली, आणि दर महिन्याला दोघी मिळून वहीतली नावं अ‍ॅपशी ताडून पाहतात.

गंगू आता भिंत धरून चालते. हेमला रुखमाबाईशी पहिल्यासारखी बोलते. निता समोर आली की ती पोरीला कडेवर घेते आणि आत जाते. निता तिला हाक मारत नाही.