कापड घातलेलं टेबल

रविवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी बुर्गी आइग्नर स्वयंपाकघरात उभी राहून काट्याने चीज ठेचत होती. पिकून मऊ झालेलं चीज, त्यात लोणी, लाल मिरचीची पूड आणि घोटभर बियर. कांदा अगदी शेवटी घालायचा, नाहीतर कडवट होतो. खिम्याचे वडे तळून फडक्यात बांधून झाले होते. पांढरा मुळा तिने अख्खाच टोपलीत ठेवला, तो तिथे जाऊन कापायचा. बियर बागेत बियर त्यांची घ्यायची आणि खाणं घरून न्यायचं, ही म्युनिकची जुनी रीत. तिच्या आईनेही तेच केलं होतं.

बुर्गी सदुसष्ट वर्षांची आहे. नवरा वारला, आणि तिचं एकटीचं निवृत्तिवेतन महिनाभर पुरत नाही, म्हणून आठवड्यातले तीन दिवस ती राजवाड्यात राखणीला उभी असते. लोकांनी सोनेरी खुर्च्यांना हात लावू नये, एवढंच बघायचं. मुलगा कॉर्बिनिअन केम्प्टनला राहतो, आगगाडीने दीड तासावर. आज तो, सून सिल्के आणि नात अफ्रा येणार होते. आधी राजवाडा, मग बियर बाग.

टोपली भरताना बुर्गीच्या डोक्यात एकच गोष्ट होती. ती राहते ते घर सप्टेंबरअखेर सोडायचं होतं. म्हातारी घरमालकीण गेल्या शरदात वारली. घर भाच्याकडे गेलं. नाताळच्या आधी त्याने बुर्गीला जिन्यात गाठून सांगितलं की त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय, तिला हेच घर द्यायचंय. कायदा त्याच्या बाजूने आहे. रीतसर नोटीसही आली. एकोणचाळीस वर्षं राहिलेल्या भाडेकरूला नऊ महिने मिळतात. त्यांतले साडेसहा संपले होते. ती घरं बघायला गेली, तर प्रत्येक जिन्यावर खालपर्यंत रांग, आणि रांगेत तिच्याहून म्हातारं कुणीच नाही.

मुलाला तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. आज सांगायचं होतं, आणि विचारायचंही होतं. अफ्राची शाळा संपली होती. नर्सिंग शिकायला ती वुर्त्सबुर्गला जाणार असं ईस्टरला ठरलं होतं. म्हणजे केम्प्टनची तिची खोली ऑक्टोबरपासून रिकामी. ती खोली मागायची. पोटभर खाऊन झालं की कॉर्बिनिअन कुणाला नाही म्हणत नाही, लहानपणापासून.

साडेदहाला चौघं राजवाड्याच्या दारात होती. तिकिटांपाशी तिचा सहकारी ओटमार उभा होता.

"सुट्टीच्या दिवशीही इथेच? घरी भिंती नाहीत का बघायला?"

"आहेत की," बुर्गी म्हणाली. "तू आत सोडतोस की नाही ते सांग."

एकामागून एक दालनं झाली. सिल्के ब्रेमेनची, उत्तरेकडची. तिला दर दोन दालनांनी बसायला लागतं. खिडकीशी टेकून ती म्हणाली, "एवढ्या खोल्यांत राजा झोपायचा कुठे, हे त्याला तरी आठवत असेल का?"

"त्याचं सोड," कॉर्बिनिअन म्हणाला. "इथे माणसं एका खोलीसाठी जीव टाकतायत, आणि या सगळ्या रिकाम्या. आई, तुझी नेमणूक कुठल्या खोलीत?"

"सोमवारी पहिल्या दालनात. बाकीचे दिवस ठेवतील तिथे."

"मग एक ढापून ठेव आमच्यासाठी."

सगळे हसले. बुर्गी एकदम पुढच्या दालनात निघून गेली. अफ्राने मागून येऊन विचारलं, "आजी, बरं वाटतंय ना?" ती म्हणाली, पाय भरून आलेत.

बियर बाग तिथून चालत पंधरा मिनिटांवर. चेस्टनटच्या झाडांखाली लाकडी बाकं आणि खाली खडी. बुर्गीने लांबून एक सावलीतलं टेबल हेरलं आणि ती तिकडे वळली. कॉर्बिनिअनने तिचा दंड धरला.

"तिकडे नाही, आई. आज मी टेबल राखून ठेवलंय. दरवेळी तूच राबतेस. आज बसायचं, मागवायचं, आणि आपल्यापुढे येईल ते खायचं."

टेबलावर निळ्या-पांढऱ्या चौकटींचं कापड होतं. कापड असलं की वाढायला माणूस येतो, आणि तिथे घरचं खाणं काढायचं नसतं. हे कॉर्बिनिअनला माहीत नव्हतं असं नाही. पहाटेपासून आई काय करत असेल, हे मात्र त्याच्या लक्षात आलं नव्हतं. वाढणारी बाई आली. तिने टोपली पाहिली.

"बाई, ती खालीच असू दे हं. ठाऊक आहे ना?"

"मला शिकवतेस? तू पाळण्यात होतीस तेव्हापासून येतेय मी इथे."

"मग तर प्रश्नच नाही," ती हसून म्हणाली आणि बियरचे मग ठेवून गेली.

टोपली बाकाखाली गेली. बुर्गीने डुकराच्या भाजलेल्या मांसाचे दोन तुकडे खाल्ले आणि ताट सरकवलं. आता विचारायचं, म्हणून तिने तोंड उघडलं, तेवढ्यात कॉर्बिनिअनने मग खाली ठेवला.

"आई, एक विचारायचं होतं. खरं म्हणजे त्यासाठीच आलोय."

"वुर्त्सबुर्ग रद्द झालं," अफ्रा मध्येच म्हणाली. "म्युनिकच्या रुग्णालयाने घेतलंय मला! आजी, मी तुझ्याकडे राहू? मागच्या खोलीत? मी स्वयंपाक करीन."

"करपवशील," सिल्के म्हणाली.

"तीन वर्षांचाच प्रश्न आहे," कॉर्बिनिअन म्हणाला. "म्युनिकात भाड्याने खोली मिळणं किती अवघड आहे, तुला माहितीये. आणि तुलाही सोबत होईल."

तिघं तिच्याकडे बघत होती. बुर्गी म्हणाली, "हो. विचारायचं काय त्यात."

अफ्राने उठून तिच्या गळ्यात हात टाकले. कॉर्बिनिअनने आणखी एक फेरी मागवली. बुर्गीने बाकाखालून टोपली ओढली. "उन्हाने चीज वितळून जाईल," एवढंच म्हणून ती उघड्या टेबलांकडे चालू लागली. मागोमाग अफ्रा गेली.

एका टेबलाच्या टोकाला दोन म्हातारे पत्ते खेळत होते. त्यांनी न बघता जागा करून दिली. बुर्गीने फडकं पसरलं, मुळा कापायला घेतला, त्यावर मीठ भुरभुरलं. अफ्राने पावाला चीज फासलं आणि तोंड भरलेलं असतानाच विचारलं, "त्या खोलीत पडदे कुठले लावायचे गं?"

"अफ्रा, ती खोली नाहीये," बुर्गी म्हणाली. "ऑक्टोबरपासून कुठलीच नाही. घर सोडायचंय मला."

अफ्रा चावायची थांबली. पत्ते खेळणाऱ्यांपैकी एकाने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"मग हो कशाला म्हणालीस?"

"तू विचारलंस म्हणून."

"बाबांना सांग. आत्ताच. नाहीतर मी सांगते."

बुर्गीने सुरी पुसली, टोपली तिथेच सोडली आणि परत जाऊन उभ्यानेच सांगितलं. कॉर्बिनिअनचा चेहरा लाल झाला.

"डिसेंबरपासून? आणि आम्ही इथे मागच्या खोलीच्या गोष्टी करतोय!"

"हळू," सिल्के म्हणाली. "बस ना, बुर्गी."

बुर्गी बसली नाही. "मी अफ्राची खोली मागायला आले होते. ती जाणार म्हणून."

सिल्केने ताट बाजूला सारलं. मग ती म्हणाली, "माझं भाड्याचं ऑफिस मी सोडलंय. ऑक्टोबरपासून त्या खोलीत बसून काम करायचं ठरलंय, जागामालकाला कळवूनही झालं. मला माहीत असतं तर... बाहेरच्या खोलीत सोफा आहे. खरंच सांगतेय."

"सोफ्यावर पाहुणे झोपतात."

"मग काय करणार आहेस?" कॉर्बिनिअन म्हणाला. "तू हरकत तरी घेतलीस का? इतकी वर्षं राहिलीस, तुझं वय झालंय, घर मिळत नाहीये. असं असलं तर घेता येते. माझ्या ऑफिसातल्या एकाच्या आईने घेतली होती. घर सोडायच्या दोन महिने आधी द्यावी लागते."

"म्हणजे कधी?"

तो बोटांवर मोजत बसला. सिल्के त्याच्या आधी म्हणाली, "या महिन्याच्या अखेरीला."

जुलैची तेरा तारीख होती. उघड्या टेबलाशी अफ्रा एकटीच टोपलीजवळ बसली होती. पत्तेवाल्या म्हाताऱ्यांना तिने वडे दिले होते, आणि ते तिला काहीतरी समजावून सांगत होते.

संध्याकाळी स्टेशनवर कॉर्बिनिअनने आईला दोनदा बजावलं की भाडेकरू संघटनेत उद्याच जा, फोनवर भागवू नकोस. बुर्गी हो म्हणाली. पाळी बदलून मागायची तर ओटमारला कारण सांगावं लागणार होतं, आणि राजवाड्यात अजून कुणाला हे ठाऊक नव्हतं. गाडी सुटल्यावरही ती फलाटावर फोन हातात धरून उभी होती. ओटमारचा नंबर तिने लावला नव्हता.

भाडेकरू संघटनेचं कार्यालय सोमवारी सकाळी नऊला उघडतं. राजवाडाही नऊलाच उघडतो.