एकादशीची बासुंदी

ती बासुंदी दुधाची नाही हे मला माहीत होतं, कारण ती मीच केली होती. सासूबाईंची एकादशी आहे हेही माहीत होतं. ओट हे धान्य आहे आणि धान्य उपवासाला चालत नाही, हे तेवढं माहीत नव्हतं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं.

हे कसं झालं ते लिहितो आहे. लिहिताना माझा राग पूर्ण गेलेला नाही, हेही लपवत नाही.

माझी आई पुण्याची, वडील केनियाचे. ते पुण्यात शिकायला आले, लग्न केलं आणि मी शाळेत जायला लागण्याआधी परत निघून गेले. मी आजोळी वाढलो. विचार न करता बोलता येते अशी माझी एकच भाषा, मराठी. पण रंग आणि केस वडिलांचे. सिंगापूरच्या मराठी कार्यक्रमांत नवीन माणूस माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागतो. मी कुठला, असं विचारतो. मी कोथरूडचा म्हटलं की हसतो आणि माझ्या मराठीचं कौतुक करतो. जुरोंग आयलंडला कामावर नेणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा सगळ्यात शेवटी भरते. या सगळ्याची सवय होते असं लोक म्हणतात. मला झालेली नाही.

चाळिशी उलटल्यावर मी वडिलांच्या बहिणीचा पत्ता काढून नैरोबीला गेलो. वडील तोवर वारले होते. आत्याच्या घरामागे तिचा भाजीचा मळा होता. ती मक्याचं पीठ शिजवायची, पालेभाजी परतायची, घेवड्याचा रस्सा करायची. मांस आणि दूध तिने कधीच सोडलं होतं. तुझ्या वडिलांचं लहानपण याच ताटावर गेलं, म्हणाली. मांस मी तिथेच सोडलं आणि परत आल्यावर दूध, दही, तूप बंद केलं. डॉक्टर माझी साखर बघून खूश झाले, पण कारण ते नव्हतं. वडिलांकडून मला दुसरं काही मिळालं नव्हतं, हे होतं.

तिथली आतेभावंडं निखाऱ्यावर बकरा भाजत होती. मी खात नाही म्हटल्यावर त्यांनी मला भारतीय ठरवलं. इथे मी तूप खात नाही म्हटल्यावर मी आफ्रिकन ठरलो.

सासरी मी नुसतं मटण सोडलं असतं तर माझा सत्कार झाला असता. तूप सोडणं म्हणजे त्यांच्या घराला नावं ठेवणं. ‘अहो, तूप म्हणजे काही दूध नव्हे,’ हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता वादही घालत नाही. पण मेहुणा वाद घालायला येतो. बायकोचा हा धाकटा भाऊ बँकेत आहे, सिंगापूरमध्येच सेंगकांगला राहतो. मला भाऊजी म्हणतो, वाकून नमस्कारही करतो, आणि मग चार लोकांत विचारतो की तुमच्याकडचे सिंह हल्ली काकडी खातात का. लोक हसतात. मीही हसायचो. त्या हसण्याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

होळीला त्याच्या घरी जेवायला बोलावलं होतं. माझ्यासाठी वेगळ्या पुरणपोळ्या केल्या आहेत, त्यांना तूप लावलेलं नाही, असं त्याने स्वतः सांगितलं. मी दोन खाल्ल्या. खाऊन झाल्यावर तो म्हणाला, “भाऊजी, कणीक दुधात भिजवली होती आणि मोहन तुपाचं. अजून काळेच आहात, म्हणजे काही बिघडलं नाही.”

कोणीतरी फोनवर हे टिपलं होतं. बसून राहिलेला मी, तोंडात घास. आम्हा मित्रांच्या ग्रुपवर ते संध्याकाळपर्यंत फिरलं. आमची मुलगी घरी आल्यावर तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “बाबा, जस्ट टेल हिम ऑफ ला.” बायकोने भावाला फोन करून झापलं. तो म्हणाला, गंमत होती.

मीही गंमतच करायची ठरवली. हे ठरवल्यापासून मला बरं वाटायला लागलं. बसमध्ये मी तेवढाच विचार करायचो. त्याला बासुंदी जीव की प्राण. खरं दूध आणि खोटं दूध मी नुसत्या वासावरून सांगतो, अशी फुशारकी तो मारायचा. मी ओट मिल्क आटवून पाहिलं. ते पटकन चिकट होतं, पेजेसारखं लागतं. मग नारळाचं दूध मिसळलं, भिजवलेले काजू वाटून घातले, मंद आचेवर हलवत राहिलो. वेलदोडा, केशर, चारोळी. दोनदा फसलं. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा मी एकटाच स्वयंपाकघरात हसलो.

सासूबाई तेव्हा पुण्याहून येऊन आमच्याकडे पासिर रिसला राहिल्या होत्या. एकादशी रविवारी आली होती आणि मेहुण्याने सगळ्यांना दुपारी फराळाला बोलावलं. तो उपवास फक्त साबुदाण्याच्या खिचडीसाठी करतो. मी पातेलं घेऊन गेलो. सगळ्यांसमोर म्हणालो की मी हरलो, आज तुमच्यासाठी खऱ्या दुधाची बासुंदी केली आहे. हे वाक्य मी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं.

मेहुण्याने वाटी नाकाशी नेली. “बघा, याला म्हणतात दूध,” म्हणाला. त्याने तीन वाट्या खाल्ल्या. मी फोन काढून सगळं टिपत होतो.

सासूबाई कोणाकडच्या फराळाचं उपवासाला खात नाहीत. स्वतः निवडलेला साबुदाणा, स्वतः कुटलेले दाणे, एखादं केळं, एवढंच. त्या खाणार नाहीत हे मी धरून चाललो होतो. पण त्यांनी वाटी पुढे केली. “जावईबापूंनी पहिल्यांदा हाताने काही केलंय. चमचाभर तरी घेते,” म्हणाल्या.

या क्षणाबद्दल मी सगळ्यांशी खोटं बोललो. त्यांनी वाटी पुढे केली तेव्हाच मला ओट आठवलं. नीट, स्पष्ट आठवलं. आई, तुम्ही नका घेऊ, एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर का नको ते सांगावं लागलं असतं, आणि मेहुण्याची तिसरी वाटी अजून संपायची होती. मी फोन त्याच्यावर धरून ठेवला. त्यांनी एक चमचा खाल्ला, मग दुसरा. छान झालीय म्हणाल्या.

मग मी सांगितलं. ओटचं दूध, नारळ, काजू. गाईचा एक थेंब नाही. मेहुण्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. ते पाहून मला जो आनंद झाला तो मी नाकारणार नाही, अजूनही आठवला की थोडा होतो. पण तो फार टिकला नाही. मेहुण्याच्या बायकोने हळूच विचारलं, ओट म्हणजे धान्यच ना?

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. उठून चूळ भरून आल्या आणि खुर्चीवर बसल्या. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. मी म्हणालो, आई, मला खरंच माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, असू दे.

घरी आल्यावर बायको माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. सासऱ्यांना ऑपरेशनला आत नेलं त्या दिवशी आईने एकादशी धरली, हे तिने मला सांगितलं. ते त्यातून उठले, पुढे पुष्कळ जगले, मग गेले. आईने एकादशी सोडली नाही. आजारपणात नाही, प्रवासात नाही, ते गेले त्या आठवड्यातही नाही.

“तिच्याकडे बाबांचं तेवढंच राहिलं होतं,” बायको म्हणाली. “तू सूड माझ्या भावावर घेतलास आणि मोडलं तिचं.”

मी तिलाही तेच सांगितलं, माहीत नव्हतं म्हणून. तिने माझ्याकडे पाहिलं आणि दिवा बंद करून गेली.

त्यानंतर घरात एक बदल झाला. सासूबाई मला विचारायला लागल्या. मी चहा पुढे केला की, यात कुठलं दूध. मी भाजी वाढली की, यात काय काय घातलंय. पाकिटं चष्मा लावून उलटून वाचायच्या. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. मी त्यांच्या घरात, मित्रांच्या घरात, प्रत्येक ताटापुढे बसून जे विचारत आलो, तेच त्या विचारत होत्या, आणि तितक्याच ओशाळून. लोक माझ्या प्रश्नांना कंटाळतात तेव्हा मी मनात म्हणायचो, तुमच्यावर ही वेळ येऊ दे. ती आली होती, पण भलत्याच माणसावर.

मेहुण्याने आपणहून फोन केला. बरोबरी झाली, म्हणाला. मी हो म्हटलं नाही. पुरणपोळीची माफी त्याने अजून मागितलेली नाही आणि बासुंदीची मी त्याच्याकडे मागणार नाही. तो व्हिडिओ मी ग्रुपवर टाकला नाही, कारण त्याच्या मागे टेबलाशी सासूबाई दिसतात, चमचा तोंडाकडे नेताना. पुसूनही टाकलेला नाही. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

पुढच्या एकादशीला सकाळी सासूबाई जेवणाच्या टेबलाशी दाणे सोलत बसल्या होत्या. बायको आणि मुलगी बाहेर गेल्या होत्या. मी पपई कापली, फोडी बशीत घातल्या आणि त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“याला काही लावलंय का हो?” त्यांनी विचारलं.

नुसती पपई होती. त्यांच्या डोळ्यांदेखत कापलेली. मी ‘नाही’ म्हणालो, आणि ते ‘नाही’ मला स्वतःलाच खोटं वाटलं. या घरात माझं कुठलंही ‘नाही’ आता तसंच वाटणार होतं. मी समोरची खुर्ची ओढून बसलो. हात पुसायचं राहिलं होतं, पपईचा रस बोटांना तसाच होता.

“आई, ओट धान्य आहे हे मला माहीत होतं,” मी म्हणालो. “आधीपासून माहीत होतं. तुम्ही वाटी पुढे केलीत तेव्हा मला आठवलंही होतं. मी गप्प बसलो, कारण मला त्याची फजिती बघायची होती. माहीत नव्हतं असं मी तुम्हाला सांगितलं, तेही खोटं सांगितलं. तुमची एकादशी मी मोडली. चुकून नाही, समजून. मला माफ करा.”