मावशीच्या फळीवरची रिकामी जागा

त्या दिवशी फोन मी भंगारवाल्या नसीमचाचाच्या आवाजात उचलला. आधी खोकला, मग, "हां दीदी, बोलो, माल आया है..." कंपनीत पहिली शिफ्ट होती. जेवणाच्या सुट्टीत लॉकरमधनं मोबाईल काढला, तर वैशालीताईचे नऊ मिस्ड कॉल, आणि बघतोय तोवर दहावा वाजायला लागला. वैशालीताई म्हणजे आमच्या इंदूमावशीची मुलगी, लग्न होऊन मारुंजीला राहते. मला वाटलं, तांब्याच्या बंबाला गिऱ्हाईक मिळालं असेल. माझी सवयच तशी, स्वतःच्या आवाजात मी फोन उचलतच नाही. कधी पोलीस, कधी कीर्तनकार, कधी आमचा सुपरवायझर. ताईनं खोकला संपेपर्यंत ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "गणेश, आई गेली." आणि देवाशप्पथ सांगतो, पुढचं वाक्यसुद्धा मी चाचाच्याच आवाजात बोललो. "क्या बोलते?" तोंडाला आवाज बदलायला वेळ लागला, राव. बाजूला डबे उघडून बसलेली पोरं खीखी हसत होती. त्यांना वाटलं, गण्याचा कार्यक्रम चालू आहे.

सकाळी पाणी भरलं, पायरीवर दम खात बसली, ती बसलीच. शेजारणीनं हाक मारली तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, हृदय. याला आता सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत मी एकही आवाज काढलेला नाही. का नाही, तेच सांगायला बसलोय.

मी परतूरचा. शाळेत हेडसरांची नक्कल केली म्हणून मला कोंबडा करून उभं केलं, तर मी कोंबडा होऊन आरवलो. वर्गासोबत सरही हसले. तेव्हाच माझं नुकसान झालं असावं, कारण लोक हसले की आपलं सगळं माफ, असं डोक्यात बसलं. बारावीनंतर चाकणला आलो, कॉन्ट्रॅक्टवर लागलो आणि म्हाळुंग्यात खोली बघत फिरताना इंदूमावशीच्या दारात पोचलो. तिच्या चार खोल्या, वर गच्ची. तीनात आम्ही भाडेकरू, चौथीत ती आणि तिची भांडी. भांडी म्हणजे कशी, तर पितळेच्या घागरी, फिरकीचे तांबे, पानाचे डबे, समया, अडकित्ते, एक कंदील, काटा नसलेली दोन घड्याळं. मी विचारलं, "मावशी, लग्न हाय का कुणाचं?" ती म्हणाली, "व्हय, तुजं. पोरगी तेवडी बगायची ऱ्हायली." तिथंच आमचं जमलं.

गावातली जुनी घरं पडून बिल्डिंगा होत होत्या. फ्लॅटमध्ये जाताना लोक पितळ काढून टाकायचे. थोडं मावशीच्या दारात यायचं, बाकीचं कुदळवाडीत नसीमचाचाच्या भंगाराच्या शेडमध्ये, आणि तिथनं ती निवडून आणायची. मंगळवारच्या बाजारात गोणपाट टाकून विकायला बसायची. सात महिन्यांनी कंपनीनं मला महिन्याचा ब्रेक दिला. रिकामा बसलो होतो, तर सहज एका तांब्याचा फोटो काढून जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर टाकला. खाली लिहिलं, 'आजीच्या आजीचा तांब्या'. संध्याकाळपर्यंत माणमधल्या एका टॉवरमधनं साहेब गाडी घेऊन हजर. बाजारात मिळतात त्याच्या चौपट पैसे देऊन गेला. मावशी त्या नोटांकडे बघत म्हणाली, "आरं, ह्येला सांग की, आतनं कल्हई गेलीया." मी म्हणालो, "मावशी, तो त्यात पाणी पिणार नाही, मनीप्लांट लावणारे." त्यावर ती जी हसली... दिवसभर आठवून आठवून हसत होती. "तांब्यात झाड! उद्या बंबात म्हस बांदतील."

मग आमची कंपनीच झाली. ती माल आणायची, मी फोटो, लिखाण आणि फोन. आवाज काय, तोंडात तयारच होते. गिऱ्हाईकाला पुण्यातले रिटायर्ड मास्तर पाहिजेत तर मास्तर, सातारचे सुभेदार पाहिजेत तर सुभेदार. "ही समई आमच्या मातोश्रींची हो, देववत नाही..." असं घशात आणून म्हटलं की समोरचा भाव करायला लाजायचा. मावशी पदर तोंडात कोंबून बसायची. एका बाईनं बंब नेला आणि दुसऱ्या दिवशी मेसेज केला, याचं माहितीपत्रक मिळेल का? मी तेही लिहून पाठवलं, 'खाली जाळ, वरून पाणी, जवळ मूल नको'.

पण खोटं बोलायला मला मोकळीक देणाऱ्या या बाईचा एक नियम होता. भांडं विकायच्या आधी त्यावरचं नाव वाचायचं. आपल्याकडे जुन्या भांड्यांवर नावं असतातच, टिंबाटिंबांनी ठोकलेली, कुणी कुणाला दिलं ते. तिची नजर कमी झाली होती, म्हणून काठावरनं बोट फिरवायची आणि मला म्हणायची, "वाच." मी वाचायचो, "सरूबाईस मामाकडून." मग ती भांड्याकडे बघून, खरंच माणसाला मारावी तशी, हळूच हाक मारायची, "सरूबाई..." आणि मगच कागदात गुंडाळायची. मी म्हणायचो, "ती काय ओ देणारे का?" ती म्हणायची, "न देईना. जिचं हाय तिला एकदा हाक मारावी. आपल्याला कुणी अशी मारली आसंल का, कुनाला ठावं."

तिचं स्वतःचं एक भांडं असंच गेलं होतं. लग्नात आईनं दिलेला तांब्याचा हंडा. आईनं दुसऱ्यांच्या शेंगा फोडायला जाऊन, दोन वर्षं साठवून घेतलेला. काठावर 'इंदूस आईकडून', आणि पोटाला एक पोचा, विहिरीवर पडलेला. मालक, म्हणजे मावशीचे यजमान, साधा माणूस. घरात नळ आला तेव्हा बायकोचे हात घासून झिजायला नकोत म्हणून तिच्या मागं हंडा मोडीत घातला आणि तोटीचा स्टीलचा पिंप आणला. कौतुकानं दाखवायला उभे राहिले. मावशी म्हणायची, "काय बोलणार रं? खुशीत व्हता. म्या म्हणले, झ्याक हाय." त्या पिंपातलं पाणी ती शेवटपर्यंत प्यायली. मालक गेले, तेव्हापासनं ती भंगारात हिंडायला लागली. धंदा नंतर झाला, आधी शोध होता. नसीमचाचाला तिनं सांगून ठेवलं होतं, हे नाव, हा पोचा, कधीपण आला तर आधी मला. खोलीतली सगळी फळी मालानं भरलेली, फक्त मधली हातभर जागा मोकळी. तिथं फक्त एक चुंबळ ठेवलेली, डोक्यावर हंड्याखाली घेतात ती, जुन्या लुगड्याची, तिनंच वळलेली. कधी मी तिथं काही ठेवायला गेलो की मागनं आवाज, "माकडा, ती जागा बुक हाय."

आता माझं सांगतो.

दिवाळीच्या आधी लोकं घरं आवरतात, भंगाराचा सीझन असतो. माझ्या मनात आलं, मावशीची गंमत करू. दुसरं सिम होतं माझ्याकडे, धंद्यासाठी नवीन घेतलेलं, तिला माहीत नसलेलं. गच्चीवर गेलो आणि फोन लावला. आधी खोकला. चाचाचा खोकला दोन मजली आहे, एक वर एक. "दीदी, नसीम बोल रहा. तुम्हारा हंडा मिला. नाम है, इंदूस आईकडून. आके ले जाओ." मला वाटलं होतं, ती लगेच ओळखेल आणि खालनं शिव्या देईल. पण फोन कट झाला. मी जिना उतरेपर्यंत तिनं कुलूप लावलं होतं. लांबनं दिसली, ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलेली, काखेत पिशवी. मी हाक मारायला पाहिजे होती. मारली नाही. मला हसू येत होतं. वाटलं, आल्यावर सांगू, पोट धरून हसू.

दोन गाड्या बदलून जायचं आणि दोन बदलून यायचं. दिवेलागणीला आली. मी जिन्यात चप्पल खायच्या तयारीत उभा. तिनं माझ्याकडे बघितलं, कुलूप उघडलं, आत जाऊन पिशवीतनं चुंबळ काढली आणि फळीवर परत ठेवली. चुंबळ घेऊन गेली होती ती. त्या वयात, बसमधनं हंडा डोक्यावर आणायला. एवढंच म्हणाली, "त्येचा खोकला बी काढलास रं. लई हुशार हायेस." रात्री नेहमीसारखं ताट वाढून दिलं, पिठलं, भाकरी, वर लोणचं. मी जेवलो. माफी मागायचं डोक्यात होतं, पण मागितली असती तरी कुणाच्या तरी आवाजातच मागितली असती.

त्यानंतर ती कुदळवाडीला गेली नाही. म्हणाली, "आता तू जात जा. माजं गुडगं दुकत्यात."

संक्रांतीच्या आसपास एक दिवस मी ड्युटीवरनं आलो, तर मावशी दारातच हसत. कित्येक दिवसांनी तसं हसताना बघितलं. "या नसीमचाचा! आज परत झालावता न्हवं? नवीन नंबर, त्योच खोकला. हंडा घावलाय म्हनं! म्या बराबर वळकलं. म्हणले, पुरं झालं माकडा, आन् ठिवला फोन." टाळीसाठी हात पुढे केला. मी फोन केला नव्हता. मला एक क्षण वाटलं, ही आता माझी फिरकी घेतेय. दुसऱ्या क्षणी वाटलं, कसं का होईना, हसतेय ना... चुंबळीच्या दिवसानंतर आमच्यात जे अडकलं होतं ते सुटतंय. मी टाळी दिली. म्हणालो, "ओळखलंत होय मावशी? तुमच्यापुढं काय चालत नाही बुवा." ती इतकी खूश झाली! आम्ही दोघं हसलो. त्या हसण्याचा आवाज मला रोज ऐकू येतो.

तेराव्याला नसीमचाचा आला. पांढरी टोपी, हातात केळ्यांचा घड. कोपऱ्यात बसला. निघताना मला बाजूला घेतलं, खोकला, आणि म्हणाला, "बेटा, दीदी मुझसे नाराज थी क्या?" मी म्हणालो, का? तर म्हणाला, "उसका हंडा मिला था. आळंदी साइड का माल था. मैंने खुद नाम पढ़ा, पेट पे वो पोचा भी था. मेरा फोन बिगड़ा था, भतीजे के नंबर से लगाया. दीदी बोली, पुरे झालं माकडा, और काट दिया. मैं समझा नहीं. दूसरी बार लगाया तो उठाया नहीं." मग? "पंद्रह दिन अलग रखा. सोचा तू आएगा, तुझे दे दूँगा. फिर गाड़ी भर रही थी, मैं था नहीं, भतीजे ने डाल दिया. जामनगर गया. वहाँ तो सीधा भट्टी." त्या पंधरा दिवसांत मला ओव्हरटाइम होता. मी एकदाही फिरकलो नव्हतो, आणि मग मावशीच गेली.

चाचाला मी सांगितलं नाही, की दीदी नाराज नव्हती. ते 'माकडा' तुम्हाला नव्हतं, मला होतं. सांगितलं असतं तर त्यानं मला माफ केलं असतं, तेवढा तो चांगला आहे. आणि मला आता कुणी हसून माफ केलेलं नकोय. वैशालीताईलाही सांगितलेलं नाही. तिनं हे इथं वाचलं, तर वाचलं. लोक म्हणतात, बाई सुखानं गेली, हालहाल झाले नाहीत. असेल. तिला कळलंच नाही ना, म्हणून. तिच्या मते हंडा कुठंतरी आहेच, अजून सापडायचाय. बरं झालं म्हणावं, तर कसं म्हणू? आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो फोन आला, आणि तो माझ्या आवाजात आला असं तिला वाटलं. चांगली नक्कल केली की असं होतं. खऱ्या माणसाला जागा उरत नाही.

कंपनीतली पोरं म्हणतात, "गण्या, चाचा काढ ना, भावा." मी म्हणतो, घसा बसलाय.

वैशालीताईनं खोलीची चावी माझ्याकडे दिली आहे. राहिलेला माल विकून खोली रिकामी करायची, म्हणाली. रविवारी जातो, एकेक भांडं उचलतो, काठावरनं बोट फिरवतो, वाचतो. चंद्रभागा. गोदू. ठकूबाई. प्रत्येकीला हाक मारतो, माझ्याच आवाजात. तो कसा आहे ते मला नीट माहीत नव्हतं. बारीक आहे जरा. मग फोटो टाकतो, आणि खाली आता गोष्टी लिहीत नाही. कल्हई गेली असेल तर, गेली आहे, असं लिहितो. माल हळू जातो.

मागच्या रविवारी पूर्ण फळीचा फोटो टाकला. एका गिऱ्हाईकाचा मेसेज आला, 'मधे ती कापडाची गोल वस्तू आहे ती फार छान दिसतेय, एकदम ओरिजिनल. काय घ्याल?' मी लिहिलं, 'ती बुक आहे.' लगेच दुसरा मेसेज... 'ओके. समोरच्यानं नेली नाही तर कळवाल का? कधीपर्यंत थांबू?'

तो मेसेज अजून तसाच आहे.