जुन्या गावठाणाकडे लावलेला कॅमेरा

या सदरातले गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचत आलोय, पण कधी एका ओळीचाही प्रतिसाद दिला नाही. खरं सांगायचं तर मला ते पटायचेच नाहीत. लातूरला वीस-बावीस वर्षं बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवलं. डोळ्यांना दिसलं एवढ्यावर भागत नाही, मोजून बघा, हे वाक्य मी इतक्या बॅचेसना सांगितलंय की त्याची नक्कल करणारी मुलं आज डॉक्टर झालीत. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही. मीही हसलो असतो.

माय जाऊन सव्वा वर्ष झालं. ती असेपर्यंत हे लिहिणं शक्य नव्हतं.

आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं गाव औशाच्या पलीकडे, तेरणा नदीच्या अंगाला. वडील गेल्यापासून घरचा गणपती डोक्यावर घेऊन विसर्जनाला न्यायचं काम थोरल्या मुलाचं, म्हणजे माझं होतं. भूकंपाच्या वर्षी, त्र्याण्णवला, मी नुकताच क्लास सुरू केला होता... पत्र्याच्या खोलीत वीस मुलं, पहाटे साडेपाचची बॅच. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी टेस्ट ठेवलेली होती. ती पुढे ढकलली तर पालक काय म्हणतील, या धास्तीनं मी गावी गेलोच नाही. माझा धाकटा भाऊ विजू माझ्याकडे राहून बारावी करत होता, माझ्याच बॅचमध्ये. टेस्ट बुडेल म्हणून त्याला जायचं नव्हतं. मी त्याला पाठवलं. आणि थोरला आला नाही म्हणून माय चिडेल, हे माहीत असल्यानं वर असंही शिकवलं – "मायला सांग, मीच हट्ट केला, म्हणून दादानं येऊ दिलं."

त्यानं तसंच सांगितलं. रात्री विसर्जन झालं आणि पहाटे चारच्या सुमाराला भूकंपात आमचं दगडमातीचं माळवदाचं घर बसलं. माय ओसरीत झोपली होती, ती वाचली. विजू आतल्या खोलीत होता.

मायच्या लेखी विजू हट्टानं आला आणि हट्टानं गेला. मी तिला खरं सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू असं करत वीसेक वर्षं गेली. पितृपंधरवड्यात ती वडिलांच्या नावानं पान वाढायची, विजूच्या नावानं कधीच नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "बलिवलं न्हवतं तरी आलता न्हवं? मग आताबी यील की." आणि भाकरी थापत राहिली. तिला त्याचा राग आला होता, आणि तो राग माझ्या वाटणीचा होता.

आता कॅमेऱ्याचं. क्लासेसचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्या पत्र्याच्या खोलीचे तीन मजले झाले, मग मोठमोठे क्लास आले, आणि एका वर्षी मी शांतपणे थांबलो. माझी मुलगी मुक्ता नांदेडला कॉलेजात शिकवते. ती एका शनिवारी खोकं घेऊन आली.

"बाबा, आता दिवसभर काय करणार? भिंतीकडे बघत बसणार?"

"पुस्तकं आहेत की."

"तीच पुस्तकं तिसऱ्यांदा वाचून राहिलात तुम्ही. हे घ्या. बाहेर पडा जरा, पक्षी बघा."

तो ब्रिज कॅमेरा होता. म्हणजे खिशातल्या कॅमेऱ्याहून मोठा, लेन्स बदलायच्या कॅमेऱ्याहून साधा – लेन्स एकच, पण झूम पन्नास पट. मी सवयीप्रमाणे आधी माहितीपुस्तिका वाचली, पेन्सिलीनं खुणा करत. मग गच्चीवर गेलो. समोरच्या तारेवर वेडा राघू बसला होता. पूर्ण झूम केलं आणि राघू नाहीसा झाला. नुसतं आभाळ. कॅमेरा केसभर हलला तर आख्खी इमारत सरकत होती. भिंगांची हजारो गणितं सोडवून घेतलेल्या माणसाला वीस फुटांवरचा पक्षी सापडेना.

रात्री मुक्ताचा फोन. "सापडला का राघू?"

"तार सापडली."

"चला, प्रगती आहे."

दोनेक महिन्यांत हात बसला. आधी झूम न करता पक्षी मधोमध घ्यायचा आणि मग हळूहळू जवळ आणायचा, दुसरा डोळा उघडा ठेवून. बटण आधी अर्धं दाबायचं, श्वास रोखायचा, मग पूर्ण. दुपारी लांबचं काही टिपायला जायचं नाही, कारण तापलेल्या हवेत सगळं पाण्यात पाहिल्यासारखं हलतं. एक खोड मात्र माझ्या लक्षात राहायची नाही. काही मिनिटं हात लावला नाही तर कॅमेरा आपोआप बंद होतो आणि लेन्स आत जाते. पुन्हा बटण दाबून सुरू केला की झूम शून्यापासून. त्यामुळे झाडावर नेम धरून मी पाणी प्यायला जायचो आणि परत येऊन नव्यानं शोधायचो.

दर रविवारी मी मायकडे जायचो. ती पुनर्वसनाच्या गावात, भूकंपानंतर मिळालेल्या घरात राहायची. लातूरला यायला तयार नव्हती. त्या घराच्या मागच्या दारात उभं राहिलं की समोर शेतं, आणि शेतांपलीकडे दीडेक किलोमीटरवर बाभळींचा काळपट पट्टा. तेच आमचं जुनं गावठाण. तिथे आता कुणी जात नाही. पडक्या भिंती, दगड, काटे.

कॅमेरा पहिल्यांदा नेला तेव्हा मायनं तो उलटसुलट हात फिरवून पाहिला. "दुर्बीण व्हय रं ही?"

"कॅमेरा हाय, माय."

"एवढा मोटा? कुनाच्या लग्नाला चाललास का काय?"

ती ऐंशीच्या घरातली. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन फसलेलं, दुसऱ्यानं फक्त उजेड कळायचा. अंगणातली शेळी कुणाची, हे ती आवाजावरून ओळखायची.

ती सकाळ जानेवारीतली. थंडी होती, हवा स्वच्छ होती, साडेआठ-नऊ वाजले असतील. जुन्या गावठाणातल्या एका वाळक्या बाभळीवर कापशी घार बसलेली मला सापडली. एवढ्या लांबून म्हणजे दाण्याएवढीच, पण घार होती. मी मागच्या दारात तिपाईवर कॅमेरा लावला, माय शेजारी बाजेवर ऊन खात बसली होती, आणि चहा ठेवायला मी आत गेलो.

दहा-बारा मिनिटांनी दोन कप घेऊन बाहेर आलो, तर माय कॅमेऱ्याला डोळा लावून वाकलेली. एक हात तिपाईवर, दुसरा बटणावर.

"माय, काय करून राहिलीस?"

"गप. बगू दे."

मला हसू आलं. "घार दिसली का?"

"घार न्हाई. आपलं दार हाय."

मी म्हटलं, "तिथं आता दार कुठलं, माय..."

"हाय. उंबऱ्यावर इजू बसलाय."

मला वाटलं, वय झालं. तिला धरून बाजेवर बसवावं म्हणून मी पुढे झालो. तेवढ्यात ती बोलायला लागली, पण माझ्याशी नाही. कमी ऐकू येणारं माणूस फोनवर बोलतं तसं. "काय म्हंतूस?... व्हय?... जरा मोट्यानं सांग की."

मग डोळा न काढताच म्हणाली, "सुदाकरा, त्यो म्हंतोय मी हट्ट न्हवता केला. दादानं पाटविलं, म्हंतोय."

हातातले कप मी कुठे ठेवले, आठवत नाही.

"आनि वही मागून राहिलाय. दादाकडं ऱ्हायली म्हंतोय, गनिताची का कसली. ठिवून घेतलीस व्हय रं त्याची वही?"

वहीबद्दल मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही. स्टँडवर विजू गाडीत चढताना फिजिक्सची वही बरोबर नेत होता, वाटेत वाचीन म्हणून. मी ती काढून घेतली. गावी मित्रांत रमेल, दोन दिवस राहील, अशी भीती होती. "वही इथंच राहू दे," मी म्हणालो, "म्हणजे पहिल्या गाडीनं परत येशील." मायला ती वही ठाऊक असण्याचा एकच मार्ग होता – त्या संध्याकाळी विजूनं तिला सांगितलं असेल तर. पण वहीचं सांगितलं असतं, तर मी पाठवल्याचंही सांगावं लागलं असतं. ती वही माझ्या कपाटात, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली, कुलपात होती. मी ती उघडूनही पाहत नसे.

माय सरळ झाली आणि माझ्याकडे वळली. तिला माझा चेहरा दिसत नव्हता हे मला माहीत होतं, तरी मी मान खाली घातली.

"खरं हाय का ह्ये?"

"हाव."

"तू पाटविलास?"

"हाव, माय. आणि तुला खोटं सांगायलाही मीच शिकवलं त्याला."

तिनं बाजेची कड चाचपली. मग बाजेवर बसली आणि म्हणाली, "एवढी वर्सं मी त्यालाच बोल लावला की रं."

 माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी कॅमेऱ्यातून पाहिलं. बाभळी होत्या. त्याही लांब, अंगठ्याच्या नखाएवढ्या पट्ट्यात. कारण मी आत असताना कॅमेरा बंद पडला होता, आणि मायचा हात लागून सुरू झाला तेव्हा झूम शून्यावर आलं होतं. तिच्या बोटाखाली सात फोटो निघाले होते. हा कॅमेरा प्रत्येक फोटोसोबत झूम किती होतं ते नोंदवतो. सातही फोटो झूमशिवाय. नांदेडला मुक्ताच्या कॉम्प्युटरवर ते मोठे करकरून मी पाहिले – शेत, बांध, बाभळी. चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही त्यातून भिंत दिसली नसती, मग दार आणि उंबरा तर सोडाच.

सगळ्या शक्यता मी शिक्षकासारख्या मांडून पाहिल्या. मृगजळ म्हणावं, तर थंडी होती. मायला आधीपासून संशय असेल आणि त्या दिवशी तो असा बाहेर आला असेल, हे मला पटू शकतं. पाठवण्याबद्दल पटतं. वहीपाशी येऊन मी अडकतो. झोपेत बोललो असेन का? पण मायच्या घरी मी कधी मुक्कामच केला नाही.

त्या भाद्रपदात मायनं पहिल्यांदा विजूच्या नावानं पान वाढलं. मी वाढायला वाकलो तर म्हणाली, "तू ऱ्हाऊ दे. ह्ये मी वाडते." पानावर तिनं धपाटं ठेवलं, लोण्याचा गोळा ठेवला, आणि मी दारातच उभा राहिलो.

वही मी त्या सकाळनंतरच्या रविवारीच नेऊन दिली होती. तिनं ती मांडीवर घेतली, खाकी कव्हरवरून हात फिरवला आणि माझ्याकडे परत केली. "वाच."

"माय, फिजिक्सची आहे. इंग्रजीत आहे सगळं."

"असू दे. त्याच्या हातचं हाय न्हवं? वाच."

मी वाचायला लागलो. बहिर्वक्र भिंग, आरसे, वस्तूचं अंतर, प्रतिमेचं अंतर. ॲन ऑब्जेक्ट इज प्लेस्ड... असं काहीतरी. एकेक गणित, त्यानं जिथे खाडाखोड केली तिथे "इथं खोडलंय" असं सांगत. ती भिंतीला टेकून, पोथी ऐकतात तशी ऐकायची. कधी विचारायची, "ह्ये बरुबर आलं का त्याचं?" बहुतेक बरोबरच असायची. मी "हाव" म्हणायचो. चुकलेल्यालाही हाव म्हणायचो. मग एकदा तिनं सांगितलं, "आता तरी खोटं सांगू नगंस." त्यानंतर चुकलेलं असलं की चुकलं म्हणायचो.

मला तिनं माफ केलं का, हे ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. ती गेल्यावरही मी कितीतरी रविवार त्या मागच्या दारात कॅमेरा लावून बसलो. आता मला दीड किलोमीटरवरची घारही पहिल्या झटक्यात सापडते. उंबरा दिसत नाही. घडलं ते काय होतं, मला सांगता येत नाही. कुणाला सांगता आलं तर जरूर लिहा, पण वहीचं काय, तेवढं आधी सांगा.

ती जायच्या आधीच्या रविवारी आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर आलो. त्यावर एकच गणित होतं, तेही अर्धं. बरोबरचं चिन्ह काढलेलं आणि पुढे कोरा कागद. मी थांबलो.

"फुडं?"

"पुढं काही नाही, माय."

तिनं हात पुढे करून त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं.

"मग परत पयल्यापासून वाच."