दुसऱ्यांच्या वाटची फुंक

ती घटना अजून डोक्यातून गेलेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेलेत. हे प्रकरण मात्र साध्या अकस्मात मृत्यूचं होतं आणि तेच लख्ख लक्षात राहिलं. मी तेव्हा नंदुरबार जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. कुटुंब मुलीच्या शिक्षणासाठी दूरच्या शहरात, मी सरकारी क्वार्टरमध्ये आणि जेवण खानावळीच्या डब्यात. डबा आणणाऱ्याशी दोन शब्द व्हायचे, तेवढंच घरगुती बोलणं.

नुकतीच होळी झाली होती. डोंगरातली माणसं काठी गावची होळी करून कामावर परतत होती. सकाळची हजेरी चालू असतानाच फोन आला. पठारावरच्या पवनचक्क्यांच्या साइटवर एक कामगार मनोऱ्याच्या आतल्या शिडीवरून पडून जागीच गेला होता. मी जमादाराला घेऊन निघालो. पंचनाम्यात पहिलीच गोष्ट खटकली. कमरेच्या पट्ट्याचा हूक सुरक्षा दोरीला लावलेलाच नव्हता. इतकी वर्षं चढणारा माणूस हूक विसरतो कसा?

सुपरवायझर घाईघाईने म्हणाला, "साहेब, आमच्याकडे तपासणी कडक आहे." ते खरंच होतं. गेटवर दारू तपासायचं यंत्र होतं. रोज सकाळी प्रत्येकाने त्यात फुंकायचं. आकडा शून्य आला तरच आत सोडायचं. मृताचाही त्या दिवशी शून्यच आला होता. संध्याकाळी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मात्र मला बाजूला घेऊन सांगितलं की पोटात दारू आहे. व्हिसेरा प्रयोगशाळेत पाठवला. सुपरवायझरचं उत्तर तयारच होतं: आत जाऊन प्यायला असेल. आम्ही मनोरा, गाडी, झुडपं सगळं पालथं घातलं. बाटली सापडली नाही.

खबर मिळाली ती कामगारांना गेटवरून मनोऱ्यापर्यंत नेणाऱ्या जीपच्या ड्रायव्हरकडून. गावातलाच, जुन्या घराण्यातला मुसलमान माणूस. ठाण्यात पाय ठेवायला तयार नव्हता, म्हणून समोरच्या टपरीवर चहा घेतला. तो म्हणाला, "साहब, मशीन की बात मशीन जाने. गेट से निकला तो मेरे बाजू में बैठा था. वास आ रही थी. मेरा नाम मत लेना."

म्हणजे मृत गेटबाहेरूनच पिऊन आला होता आणि तरीही आकडा शून्य. मी गेटवरच्या रखवालदाराला बोलावलं. सपाटीवरच्या गावचा, पन्नाशीचा गडी. बसायच्या आधीच रडकुंडीला आला.

"साहेब, मन्हा काय गुन्हा शे? मी आकडा देखस, हेल्मेटवरलं नाव देखस नि सोडी देस. धूळमा बठ्ठा तोंडले फडकं बांधतस. तोंड कोन देखी ऱ्हायना?"

रखवालदार खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणारा माणूस इतक्या लवकर स्वतःचा निष्काळजीपणा कबूल करत नाही. पठारावर धूळ आणि वारा असा की सगळेच तोंडाला फडकं बांधतात, डोळ्यांशिवाय काही उघडं ठेवता येत नाही. हेल्मेट बदललं की माणूस बदलला. पण ती हेल्मेटं घालून फुंकत कोण होतं?

काम पुन्हा सुरू झालं त्या सकाळी मी मुद्दाम वर्दीत गेटवर जाऊन उभा राहिलो. अर्थातच सगळे कोरडे ठणठणीत. आपापली हेल्मेटं घातली, फुंकलं, मुकाट्याने जीपमध्ये बसले. ड्रायव्हरने हॉर्न दिला तरी एक जण गाडीत बसेना. सगळ्यांत आधी त्यानेच फुंकलं होतं आणि नंतर तो केबिनमागे पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभा राहिला होता. तिशीचा, हडकुळा, गळ्यात माळ. तो गेटकडे बघत होता.

"गाडी निघाली," मी म्हणालो. "कोणाची वाट बघतोस?"

तो दचकला. "कोणी बोलावलं नाय अजून."

तोंडून निघून गेलं आणि त्याला स्वतःलाच कळलं. मी त्याला ठाण्यात घेऊन आलो. आवाज चढवायची वेळच आली नाही. पाणी दिलं, दार लोटून घेतलं, समोर बसलो. तो घरी भिली बोलणारा. शाळेत शिकलेल्या मराठीत अडखळत सांगू लागला.

त्याने माळ घातली आणि दारू सोडली. आता त्यांच्या डोंगरात मोहाच्या दारूशिवाय पूजा नाही. आधी देवाला आणि पूर्वजांना धार, मग सगळ्यांनी घ्यायची. हा घेईना. भावांना वाटलं, हा आपल्या देवालाच नाही म्हणतो. त्यांनी बोलवायचं सोडलं. बायको माहेरी गेली ती तिकडेच राहिली. साइटवरही तेच. संध्याकाळी सगळे एका खोलीत बसायचे, हा दुसऱ्या.

"मग एक दिवस त्यानं त्याचं हेल्मेट दिलं," तो म्हणाला. तो म्हणजे मृत. "बोलला, तू पीत नाय ना, मग माझ्या वाटचं फुंक. मी फुंकलं, टाकीमागे हेल्मेट परत दिलं, तो ते घालून जीपमध्ये बसला. त्या दिवशी त्यानं मला जेवायला बाजूला बसवलं. मग दुसरे पण देऊ लागले. आधी मला कोणी हाकच मारत नव्हतं, साहेब. मग सकाळी सगळे हाक मारायचे."

"आणि तो पडला त्या दिवशी?"

"त्याच्या तोंडाला वास येत होता. मी बोललो, आज चढू नको. तो हसला. होळीचे डाळ्या-गूळ बांधून आणले होते माझ्यासाठी. घरून कोणी पाठवत नाय."

"तो पडेल असं वाटलं नाही?"

"वाटलं," तो म्हणाला. "पण नाय फुंकलं असतं तर तो परत बोलला नसता."

मी त्या खोलीत बसून होतो आणि मला त्याचा राग येत नव्हता. यायला हवा होता. एक माणूस जिवानिशी गेला होता, त्याच्या घरी बायको आणि म्हातारा बाप होता. मला फक्त वाईट वाटत होतं, दोघांसाठीही.

बाकीच्या कामगारांचे जबाब घेतले. हेल्मेट दिलेल्या प्रत्येकाने हात वर केले. आम्हाला ठाऊक नाही, तो आपला आपणच करायचा. त्याच्या तोंडावर म्हणाले. प्रयोगशाळेचा अहवाल आला, तो डॉक्टरांच्याच म्हणण्याला धरून होता. त्याच्यावर निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा दाखल केला. त्यात सुपरवायझरलाही घेतलं, कारण हेल्मेटांची ही अदलाबदल त्याच्या नाकाखाली चालली होती आणि त्याला कामगार वेळेत मनोऱ्यांवर चढलेले हवे होते.

लोभापायी आणि भीतीपायी गुन्हा करणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. त्यांना कसं बोलतं करायचं ते मला येत होतं. कोणीतरी हाक मारावी एवढ्यासाठी माणूस चूक करतो, हे मी त्या प्रकरणात शिकलो. तेव्हापासून कुठेही चौकशीला गेलो की आधी बघायचो, घोळक्यात कोण बाजूला उभं आहे.

अटक दाखवताना आरोपीला विचारावंच लागतं, कोणाला कळवायचं. जमादार समोर लिहायला बसला होता. भाऊ? "नाय." बायको? त्याने मान हलवली. मी म्हणालो, कोणीही चालेल, ओळखीचं, मित्र. त्याने मृताचं नाव सांगितलं.

जमादाराने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "अरे, तो तर गेला."

"माहीत आहे, साहेब," तो म्हणाला. "तुम्ही विचारलं म्हणून सांगितलं. दुसरं कोणी नाय."