कोथिंबीर कोणाची

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडिलांचं लखनौच्या चौक बाजारात सोनं-चांदी गाळायचं दुकान आहे. त्यांच्या सांगलीकडच्या गावातली माणसं याच कामासाठी देशभर गेली, तसे तेही इथे आले. त्या रविवारी मी सकाळीच शहराच्या दुसऱ्या टोकाला, तेलीबागला, भाजीच्या दुकानावर जायला निघाले तेव्हा त्यांना काही उमजेना.

"कालिजात घातली ती भाजी इकायला व्हय गं?"

"विकणार शेतकरीच, बाबा. मी नुसती काट्यावर बसणार."

"मग नीट जोख," ते म्हणाले. काट्याची ते कधी चेष्टा करत नाहीत.

लखनौबाहेर, सरोजिनी नगरच्या पलीकडच्या एका गावात मी कॉलेजच्या प्रकल्पासाठी गेले होते. तिथले शेतकरी माल मंडीत टाकायचे आणि अडत्या म्हणेल तो भाव घेऊन परतायचे. प्रकल्प संपला, पण आपलीच सहकारी समिती काढून थेट शहरात विकायची गोष्ट गावाने धरून ठेवली. मीही जात राहिले. बायकांना सभासद करायचं काम माझ्याकडे आलं. सगळ्यात शेवटी एक चाची तयार झाली. तिच्याकडे जमिनीची एक चिंचोळी पट्टी, तीत फक्त कोथिंबीर.

"हमार धनिया कौन पूछी?" तिने विचारलं होतं.

समितीत प्रत्येकाच्या मालाला दाम मिळेल, असं मी तिला सांगितलं. असं काही सांगताना माझा आवाज बारीक होतो, पण शब्द दिला होता.

तेलीबागला आम्ही रस्त्याकडेला ताडपत्री अंथरली. फ्लॉवर, मटार, मुळे, पालक, आणि एका टोकाला चाचीची हिरवीगार टोपली. मागे कापडावर मीच रंगवलेलं, 'खेत हमारा, दुकान हमारी'. अक्षरं जरा तिरकी आली होती, पण येणारे-जाणारे थांबून वाचत होते! मला हसू आवरत नव्हतं.

पहिल्या बाईंनी फ्लॉवर घेतला, मटार घेतले आणि पिशवी उघडीच धरली. "भैया, धनिया-मिर्च डाल दीजिए."

लखनौत भाजी घेतली की वर मूठभर कोथिंबीर आणि चार मिरच्या फुकट पडतात. ते मागणं कुणाला मागणं वाटतच नाही. मीही आयुष्यभर अशीच पिशवी पुढे केली होती. समितीचे अध्यक्ष असलेले फ्लॉवरवाले चाचा गावच्या नात्याने चाचीचे दीर. त्यांनी सवयीने टोपलीतली मूठभर कोथिंबीर उचलली. चाचीने त्यांचं मनगट धरलं.

"हमार धनिया काहे?"

"अरे भौजी, दुइ डंडी तो है!"

"तो दुइ ठो गोभी मुफत दइ देव!"

"आप लोग लड़ लीजिए, हम ठेले से ले लेंगे," बाई म्हणाल्या. कोपऱ्यावरच्या ठेलेवाल्याने लगेच हाळी दिली, "आइए बहनजी, यहाँ धनिया भी है, मिर्च भी!"

मी काट्यापाशी खिळून उभी. कोथिंबीर अशीच वाटली गेली तर चाची रिकाम्या हाताने घरी जाणार आणि पुन्हा कधी येणार नाही. नाही वाटली तर गिऱ्हाईक समोरच्या ठेल्यावर.

"मुफत देना है तो हमसे खरीद के देव!" चाची कडाडली.

"कौन खरीदेगा?" चाचा हसले.

चाचीने चाचांकडे पाहिलंच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

"समिति... समिति खरीद सकती है," मी म्हणाले. "सबके हिस्से से. अगर हाथ उठ जाएँ तो." कुणालाच ऐकू गेलं नाही. मग मी तेच पुन्हा म्हणाले, इतक्या मोठ्याने की एक रिक्षावालाही वळून बघू लागला. वर्गात मी प्रश्नसुद्धा कधी विचारला नव्हता.

 आधी मुळेवाल्याने हात वर केला. मटारवाल्या नवरा-बायकोने केला. मग पालकवालीने. तेवढ्यात पिशवीवाल्या बाईंचाही हात वर!

"आपका नहीं, बहनजी!"

"क्यों? धनिया तो हमें ही चाहिए!"

सगळे हसले. शेवटी चाचांनीही हात वर केला, हातातल्या फ्लॉवरसकट.

चाचीने पदर खोचला आणि टोपली उचलून ताडपत्रीच्या मधोमध आणून ठेवली. "लेव बिटिया, मुफत है! तुमहू लेव!" दोन्ही हातांनी ती वाटत सुटली. गर्दी झाली. मी काट्यामागे बसले, मटार टाकले, मुळे टाकले, बाबांचं ऐकून काटा मध्यावर स्थिर होईपर्यंत थांबले. 

चाचीने एका भाजी न घेतलेल्या आजोबांच्या हातातही भली मोठी जुडी कोंबली, तेव्हा मात्र चाचांना राहवलं नाही.

"अरे भौजी, तनी सँभाल के!" ते ओरडले. "अब ई धनिया हमार भी है!"