निको पुढे, गाडी मागे

शुक्रवारी संध्याकाळी टिटाही बेच्या वाळूजवळ एक निळी गाडी समुद्राकडे तोंड करून उभी असली, की न्यूझीलंडमधल्या पोरिरुआतल्या आमच्या सामोअन लोकांपैकी कुणीही न बघता सांगायचं, आत फालानिको आणि त्याची बायको सोसेफिना बसलेत. दोघांच्या मध्ये कागदाचं गरम पुडकं, त्यात तळलेला मासा आणि चिप्स. काचा वाफेने धुरकटलेल्या. लग्न ठरायच्या आधीपासूनचा हा त्यांचा नेम. तेव्हा दोघांनी मिळून एक पुडकं घ्यायचं आणि शेवटचा तुकडा कुणी खायचा यावरून भांडायचं. पुढे पुडकी वाढली, भांडण मात्र तेच राहिलं. मुलगी मोठी झाली, नोकरीसाठी ब्रिस्बेनला गेली, घरात पुन्हा दोघंच उरली, आणि शुक्रवारची गाडी चुकली नाही.

निको बस चालवायचा. देह असा की ड्रायव्हरच्या सीटला त्याच्यापुरती वेगळी खोबण पडली होती. चर्चच्या गायकवृंदात तो सगळ्यात खालचा सूर धरायचा. त्याने श्वास भरून घेतला की पुढच्या बाकावरची पोरं मागे वळून बघायची. दिवसा हा श्वास सगळ्यांच्या कौतुकाचा होता. रात्री तोच अडकायचा. घोरता घोरता निको एकदम गप्प व्हायचा, आणि फिना शेजारी जागी राहून वाट बघायची. छाती हलली नाही तर कोपराने ढोसायची. तो हुंकार देऊन पुन्हा श्वास घ्यायचा आणि सकाळी म्हणायचा, "काय मस्त झोप लागली."

साखर वाढली, पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी पोट लहान करायचं ऑपरेशन सुचवलं तेव्हा निको हसला होता. "माझं पोट गेलं तर माझ्यात उरेल काय?" फिना हसली नाही. घरी आल्यावर ती भांडी घासत, पाठ न वळवता म्हणाली, "तू करून घे. मला नवरा पाहिजे. किती मोठा, ते मी बघत बसणार नाही."

त्याने करून घेतलं.

ऑपरेशननंतर पहिले दिवस नुसतं पातळ, मग वाटलेलं, मग मऊ. फिनाने त्याच्यासाठी एक छोटी वाटी आणि चहाचा चमचा वेगळा काढला. एवढ्या माणसाच्या हातात तो चमचा बघून तिला पहिल्यांदा हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, मग तिने टीव्ही लावला. आधी अंडं नाहीतर मासा नाहीतर कोंबडी, भाजी त्याच्यानंतर, आणि अळूचा कंद जागा उरली तर. घास चावत राहायचा, चमचा खाली ठेवायचा, मग दुसरा. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. निकोला हे पाणी न पिणंच सगळ्यात जड गेलं. पोट भरलं की त्याचं नाक वाहायला लागायचं. नर्सने सांगितलं होतं, प्रत्येकाचं शरीर काहीतरी खूण देतं, ती ओळखायला शिका. त्याची खूण ही. नाक ओलं झालं की फिना टिशू पुढे करायची आणि वाटी उचलायची.

ती स्वतःही वाटीभरच घ्यायला लागली.

"तू कशाला?" निकोने विचारलं.

"मलाही बास होतं. वय झालं आपलं."

त्याला बरं वाटलं. एकट्याने वाटीत चमचा फिरवण्यापेक्षा जोडीने फिरवणं हलकं होतं. त्यापलीकडे त्याने विचार केला नाही.

चालणं तर हॉस्पिटलातच सुरू झालं होतं, सलाईनचा स्टँड ढकलत. घरी आल्यावर रोज संध्याकाळी किनाऱ्याच्या रस्त्यावर. फिनाचे गुडघे दुखायचे, ती चालू शकत नव्हती, आणि त्याला एकटं सोडायची तिची तयारी नव्हती. म्हणून निको पुढे चालायचा आणि ती मागून गाडी हळूहळू चालवत यायची, काच खाली करून, गप्पा मारत.

"खांदे सरळ ठेव. कुबड्यासारखा चालतोयस."

"वारा बघ की किती आहे."

"वारा काय आज आला? पोरिरुआत जन्म गेला तुझा."

मागच्या गाड्या भोंगे वाजवायच्या. ती हात बाहेर काढून त्यांना पुढे जायला सांगायची. चर्चमधल्या कुणीतरी एकदा गाडी थांबवून विचारलं, "काय निको, पोलीस मागे लागलेत का?" निको धापा टाकत म्हणाला, "पोलीस परवडले. ते दमतात तरी." फिनाने भोंगा वाजवला.

वजन उतरत गेलं. केस गळायला लागले, थंडी वाजायला लागली. आयुष्यात कधी स्वेटर न घातलेला माणूस जाड कोट घालून बसमध्ये बसू लागला. शर्ट लोंबायचे, पण रविवारचं लुंगीसारखं लावालावा कमरेला गुंडाळायचंच असल्यामुळे ते मात्र तसंच चालून गेलं. शुक्रवारची गाडी बंद झाली. ते दोघांपैकी कुणी ठरवलं नव्हतं. शुक्रवारीही ते चालायलाच जायचे, माशाच्या दुकानावरून जाताना फिना काच वर करायची.

चौथ्या महिन्यात निकोच्या थोरल्या बहिणीने, वाइओलाने, रविवारच्या जेवणाला बोलावलं. आई गेल्यापासून निकोला तिनेच वाढवलेलं, आपल्या ताटातलं देऊन. तापलेल्या दगडांवर पानांखाली भाजलेलं डुकराचं मटण, अळूचे कंद, नारळाच्या दुधातली अळूची पानं, आणि मोठं पातेलंभर सापासुई, म्हणजे मांस घातलेल्या काचेसारख्या शेवया. निकोने छोट्या ताटात थोडं थोडं घेतलं. वाइओला समोर येऊन उभी राहिली.

"पाहुण्यासारखा काय बसलास? खा की."

"खातोय."

"ह्याला खाणं म्हणतात? चिमण्या याच्यापेक्षा जास्त खातात." तिने कंदाची जाड फोड त्याच्या ताटात ठेवली. "तुझ्यासाठी पहाटे उठलेय मी."

निकोने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि फोड खाल्ली. घाईघाईने, चार घासांत. वर शेवया. तो चिकट कंद गळ्याखाली उतरून तिथेच बसला. छातीवर कुणी गुडघा रोवल्यासारखं झालं, तोंडात मळमळीचं पाणी भरून आलं. तो उठून मागच्या दाराने बाहेर गेला आणि शेडच्या मागे वाकून सगळं ओकला.

परत आला तेव्हा वाइओला फिनाशी बोलत होती, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "धडधाकट माणसाचं पोट कापायला लावलंस. आता माझ्या हातचा घाससुद्धा राहत नाही त्याच्या पोटात. समाधान झालं?"

फिना ताटं गोळा करत राहिली.

गाडीत निको म्हणाला, "तू गप्प का बसलीस?"

"काय बोलू? मीच म्हटलं होतं ना, करून घे म्हणून."

तो आठवडा असाच गेला. आणि मग एका दुपारी दुसऱ्या ड्रायव्हरची रजा पडली म्हणून निकोला कॅनन्स क्रीकची फेरी मिळाली. दुकानांसमोरच्या थांब्यावर शाळेतली पोरं चढत होती, त्याने सहज पलीकडे बघितलं. पार्किंगच्या कोपऱ्यात, कचऱ्याच्या पेट्यांजवळ, निळी गाडी उभी होती. आत फिना होती. मान खाली घालून कागदी पिशवीतला मटणाचा पॅटिस खात होती. एक घास घ्यायचा, वर बघायचं, पुन्हा मान खाली. बेकरीचा तो पॅटिस तिला कधीच आवडत नव्हता. पीठ जास्त, मटण कमी, असं ती नेहमी म्हणायची. तोंड पुसून तिने आरशात बघितलं, अंगावरचे कण झटकले, पिशवीची बारीक घडी केली आणि उतरून ती पेटीत खोल कोंबली.

"झोपलास काय रे ड्रायव्हर?" मागून कुणीतरी ओरडलं.

निकोने दार बंद केलं. पुढच्या थांब्यांवर कोण चढलं, कोण उतरलं, त्याला सांगता आलं नसतं. राग आला नव्हता. तिच्या हातचं जेवून, तिने पुढे केलेल्या टिशूने नाक पुसून, तो चार महिने समजत होता की दोघं एकाच वाटेवर आहेत. आणि ही बाई स्वतःच्या घरात उपाशी राहून कचऱ्याच्या पेटीशेजारी चोरासारखी जेवत होती. जिने उभ्या खानदानाला वाढलं, तिने.

त्याला शब्द सापडायला वेळ लागायचा.

शुक्रवारी चालायला निघताना तो गाडीत तिच्या शेजारी बसला. "आधी दुकानावर घे."

"कुठल्या?"

"माशाच्या."

"कशाला? तुला तळलेलं चालत नाही."

"तू घे तर."

तो आत जाऊन पुडकं घेऊन आला, गरम, कागदाला तेलाचे डाग फुटलेले. नेहमीच्या जागी समुद्राकडे तोंड करून गाडी लावायला सांगितली आणि पुडकं तिच्या मांडीवर ठेवलं.

"खा."

"मला भूक नाही."

"मंगळवारी मी कॅनन्स क्रीकच्या फेरीवर होतो, फिना."

तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, गाडी चालू नसताना. मग म्हणाली, "तुझ्यासमोर खायचं कसं? तू त्या चमच्याने खात बसतोस. मला घास उतरायचा नाही. वाटायचं, याला वास येत असेल, याला आठवत असेल."

"येतो वास. आठवतं पण."

"मग?"

"मग काय. मला भूक लागत नाही पूर्वीसारखी. पण तुझं खाणं बघायची सवय आहे मला. तीस वर्षं बघितलंय. तू चिप्सची जळकी टोकं आधी शोधतेस. ते गेलं माझं, तुला सांगतो. पोट गेलं त्याच्यापेक्षा ते जास्त लागलं."

फिना रडायला लागली, आवाज न करता, नाकातून श्वास घेत. "मला वाटलं, तू बारीक होत होत निघून जाशील कुठेतरी. आणि मी इथेच, एवढीच्या एवढी."

"निघून कुठे जाणार? तू गाडी घेऊन मागे असतेस."

तिने त्याच्या दंडावर चापट मारली. मग पुडकं उघडलं. माशाचा एक तुकडा काढून वरचं तळलेलं साल सोलून टाकलं, आतला पांढरा मासा त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो बोटांनी मोडून, वेळ लावून खाल्ला. ती खात राहिली. सोललेलं सालही तिनेच खाल्लं. गाडीच्या टपावर एक समुद्रपक्षी येऊन नाचायला लागला. पाचव्या-सहाव्या घासाला निकोचं नाक ओलं झालं. तिने चिप्स तोंडात धरूनच टिशू दिला.

त्या संध्याकाळी तो चालला नाही. नुसता बसून राहिला. दुसऱ्या दिवशी चालला.

एक काम उरलं होतं. आठवड्याच्या मध्यात तो एकटाच वाइओलाकडे गेला. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. तो चिमटे देत उभा राहिला.

"मी झोपेत थांबायचो," तो म्हणाला. "श्वास थांबायचा. फिना ढोसून जागं करायची. वर्षानुवर्षं. ती नीट झोपलीच नाही."

वाइओलाने चादर झटकली. "मला कुणी सांगितलं नाही."

"आता सांगतोय. तू तिला सगळ्यांसमोर बोललीस."

"मला वाटलं, तुला माझं नको झालं."

"नको कसं होईल? थोडं पाहिजे, एवढंच. आणि मऊ."

चादरीच्या दोन्ही टोकांना चिमटे लावून तिने विचारलं, "मासा चालतो?"

"चालतो."

पुढच्या रविवारी तिच्याकडे पुन्हा जेवण होतं. आमच्यात पहिलं ताट कुणापुढे जातं ते सगळे बघतात. चर्चचे वडीलधारे बसले होते, निकोचा चुलता बसला होता. वाइओलाने भरलेलं पहिलं ताट आणून फिनापुढे ठेवलं आणि दुसरं आणायला आत गेली. फिना गोंधळली. चुलत्याने नुसती मान हलवली, म्हणजे खा. निकोसाठी नारळाच्या पातळ दुधात शिजवलेल्या माशाची वाटी आली. त्याने अर्धी संपवली. उरलेली वाइओलाने त्याच्याच समोर उभं राहून पिऊन टाकली.

ऑपरेशनला आता दीड वर्ष झालं. सगळं गोड झालं असं नाही. भूक थोडी परत आली आहे, पावाचा वास आला की निको रस्ता बदलतो. एखाद्या दिवशी चुकून भराभर खातो आणि तासभर भिंतीला टेकून बसतो. पोटाची कातडी लोंबते, त्याची त्याला लाज वाटते. पण पोहण्याच्या तलावात उतरताना तो शर्ट काढतो, कारण फिनाने सांगितलं की ओला शर्ट त्याहून वाईट दिसतो. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या. गायकवृंदात खालचा सूर थोडा पातळ झाला आहे, असं काही जण म्हणतात. तो म्हणतो, पातळ असेल, पण आता शेवटपर्यंत पुरतो.

फिना त्याच्या मागे गाडी चालवत नाही. तलावात मंगळवारी बायकांचा व्यायाम असतो, पाण्यात गुडघ्यांवर भार येत नाही, तिथे ती स्वतःहून जायला लागली. बारीक व्हायला नाही, तिथल्या गप्पांसाठी, असं ती सांगते. ऑपरेशनबद्दल डॉक्टरीणबाईंनी तिलाही विचारलं होतं. ती म्हणाली, बघू. निकोने तिला त्याबद्दल एकदाही विचारलेलं नाही.

संध्याकाळी ती किनाऱ्यावरच्या बाकावर बसते, अंगावर शाल, हातात केळ्यांची भजी नाहीतर असंच काहीतरी. निको बोटींच्या शेडपर्यंत जाऊन येतो. परत येताना लांबून ती त्याला दिसते, सावकाश खात असलेली, आणि तो जरा हळू होतो.